धूर काळा नाहीये

मंगळवारी आणि शुक्रवारी, शाळा सुटल्यावर,
सातपूरच्या कामगार कल्याण केंद्रात,
वरच्या मजल्यावर,
कॅरमचं टेबल भिंतीला टेकवून
आम्ही वर्णन शिकतो.
अकरा मुलं. नववी, दहावी.
खाली शिवणक्लासची मशिनं एकदम सुरू होतात
आणि एकदम थांबतात.
तेवढ्या फटीत मी बोलून घेते.

पहिल्याच दिवशी काही शब्द जप्त केले:
सुंदर, निसर्गरम्य, नयनमनोहर,
आणि कुठल्याही पक्ष्याचा किलबिलाट.
'मग उरलं काय, मॅडम?'
चेतन बागूलने विचारलं, अगदी मनापासून.
मी म्हटलं, बघ की.
तो खरंच बघायला लागला. पंख्याकडे.

शुक्रवारी वह्या आल्या.
कौसर पिंजारीच्या वहीत दोनच ओळी:
'अब्बू गाद्या भरून घरी येतात
तेव्हा दहा मिनिटं म्हातारे असतात. मग तोंड धुतात.'
मुलं हसली.
मग कुणीतरी हसायचं थांबलं
आणि त्याच्यामागून सगळे.
कौसर सांगायला लागली, कापूस, भुवयांवर...
मी म्हटलं, सांगू नकोस.

चेतनने एक ओळ खोडली होती,
निळ्या पेनाने, आडवी-उभी, कागद फाटेस्तोवर.
उजेडासमोर धरून वाचली:
'मनी माय कोथमीरन्या जुड्या बांधस.'
खाली, वळणदार अक्षरात:
'माझी आई कोथिंबिरीच्या जुड्या बांधते.'
ही दुसरी बाई कोण, मी विचारलं.
कान खाजवत म्हणाला, ती पुस्तकातली.
वरच्या ओळीतली पहाटे तीनला उठते,
पंचवटीच्या मार्केटात पोत्यावर बसते,
सुतळी दातांत धरते,
त्यामुळे तिचे सगळे शब्द
तोंडाच्या एकाच बाजूने येतात.
लिही ना हे, मी म्हटलं.
'हे लिहायचं असतं होय?'

मग मी, नमुना म्हणून,
फळ्यावर लिहिलं, ठसठशीत, सरावाचं अक्षर:
'कारखान्यांच्या धुराड्यांतून
काळाकुट्ट धूर आभाळात मिसळत होता.'
उतरवून घ्या.
दहा माना खाली.

डिंपल गांगुर्डे,
जूनपासून हजेरीपुरतंच बोललेली,
म्हणाली, धूर काळा नाहीये.
काय?
काळा नाहीये, मॅडम. आणि तो धूरपण नाही.
वाफ आहे. बॉयलरची. माझा भाऊ असतो तिथे.
आणि ती मिसळत नाही कशात.
तारांच्या वर गेली की नसतेच.

खिडकी माझ्या पाठीशी होती.
पाच वर्षं ती माझ्या पाठीशीच होती.
मी वळले. बाकं करकरली,
मुलं आली, अकरा डोकी आणि एक माझं,
गजांना गाल लावून.

पांढरी. म्हणजे, पांढरीही नाही.
कशासारखी? मी सवयीने विचारलं.
कुणी म्हणालं कापूस. कौसरने नाक मुरडलं.
कुणी म्हणालं दूध वर येतं तशी,
फक्त कुणी गॅस बंद करत नाही.
डिंपल काहीच म्हणाली नाही.
ती अजून बघत होती.

जनरल शिफ्ट सुटल्याचा भोंगा झाला.
गेटातून मोटरसायकली त्र्यंबक रोडला लागल्या.
एकाचा डबा हँडलला अडकवलेला,
तो रिकामा आहे हे इथूनही ऐकू येत होतं.

डस्टर सापडेना. वाक्य तळहाताने पुसलं,
पूर्ण गेलं नाही, 'काळा' तेवढा राहिला.
मग कौसरकडे एक पान मागितलं.
तिने वहीतून फाडून दिलं,
पाठकोरं,
एका बाजूला तिचं बीजगणित.